खासगी जागेवरचा पार्किंग चार्ज कसा लढवायचा: इंग्लंड-वेल्समधल्या गाडीवाल्यांसाठी

इंग्लंड किंवा वेल्समध्ये शंभर पाउंडांची पार्किंगची नोटीस आली, की पैसे भरायच्याही आधी आणि चिडून फाडून टाकायच्याही आधी एक गोष्ट बघायची: ती पाठवली कोणी?

कौन्सिल किंवा लंडनमध्ये टीएफएल (तिथली सरकारी वाहतूक संस्था) यांच्याकडून आलेली असेल, तर ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तिच्यामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो, अपील लंडन ट्रायब्युनल्स किंवा ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे जातं आणि या लेखातलं जवळजवळ काहीही तिला लागू नाही. सुपरमार्केट, रिटेल पार्क, पब, जिम, हॉस्पिटल किंवा फ्लॅटच्या आवारातून एखाद्या कंपनीने पाठवलेली असेल, तर ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींचं लघुरूप पीसीएन, कागद पिवळा-काळा, भाषा दरडावणीची. कंपन्यांना हा सारखेपणा सोयीचाच आहे. आपल्याकडच्या ई-चलानची सवय असलेल्याला तर ही सरकारी वसुलीच वाटते. रेल्वे स्टेशनांच्या पार्किंगमध्ये तिसराही प्रकार भेटतो: रेल्वेच्या उपविधींखालची पेनल्टी नोटीस. तिचा मामला मॅजिस्ट्रेट कोर्टाचा असतो, त्यामुळे तिचं शीर्षक नीट वाचा.

हा दंड नाही, पैशांचा दावा आहे

खासगी कंपनीचं म्हणणं एवढंच असतं: दारावर पाटी होती, त्यावर अटी होत्या, तुम्ही गाडी लावलीत म्हणजे करार मान्य केलात आणि अट मोडलीत, म्हणून ठरलेली रक्कम द्या. कंपनी दिवाणी कोर्टात दावा लावू शकते. तुमच्या लायसन्सवर पॉइंट टाकू शकत नाही आणि गाडीला क्लॅम्पही (चाकाला लावायचं कुलूप) लावू शकत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये खासगी जागेवरचं क्लॅम्पिंग १ ऑक्टोबर २०१२ पासून बंद झालं, तेही ज्या कायद्याने कंपन्यांना कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, वसुलीची वाट करून दिली त्याच कायद्याने: प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२. त्यातलं चौथं परिशिष्ट हे आपलं मुख्य हत्यार.

‘दुर्लक्ष कर, काही होत नाही’ हा सल्ला व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. तो जुना झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्यात चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमधला ८५ पाउंडांचा चार्ज वैध ठरवला. दोन तास पार्किंग फुकट होतं आणि गाडी ५६ मिनिटं जास्त राहिली होती. रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असली, तरी जागा मोकळ्या होत राहाव्यात यात कंपनीचं रास्त हित आहे आणि पाट्या मोठ्या, ठळक व भरपूर होत्या, असं कोर्टाने म्हटलं. त्यामुळे ‘माझ्यामुळे तुमचं काय नुकसान झालं?’ हा मुद्दा आता चालत नाही. पाटी, तारखा आणि अधिकार हे मुद्दे मात्र चालतात.

सध्या चार्जची कमाल मर्यादा सहसा १०० पाउंड असते आणि १४ दिवसांत भरल्यास ४० टक्के सूट, म्हणजे ६० पाउंड. पैसे भरले की प्रकरण मिटलं. ‘आधी भरतो, मग भांडतो’ असं इथे होत नाही.

पहिल्याच आठवड्यात करायची कामं

जागेवर परत जा आणि फोटो काढा. आत शिरताना चालकाच्या नजरेला काय दिसतं, गाडी उभी होती तिथून सर्वांत जवळची पाटी किती पावलांवर आहे, शंभर पाउंडांचा आकडा किती बारीक अक्षरात आहे, रात्री दिवा आहे का, झाडाच्या फांदीने पाटी झाकली आहे का. घटना संध्याकाळची असेल तर फोटोही संध्याकाळीच काढा. पाट्या नंतर बदलतात. तुमच्याकडचा तारखेसह फोटो बदलत नाही.

पार्किंगची पावती, ॲपमधला व्यवहार, बँकेचं स्टेटमेंट, दुकानाचं बिल, डॅशकॅमचं चित्रण, फोनमधली लोकेशन टाइमलाइन, सगळं एका फोल्डरमध्ये टाका. नोटिशीच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. महत्त्वाचा मजकूर बहुधा मागच्या बाजूला असतो.

फोन करू नका. बोलता बोलता ‘मी गाडी लावली तेव्हा’ असं तोंडून जातं आणि पुढचा मुद्दा तिथेच संपतो.

कीपर आणि चालक

करार होतो तो चालकाशी. कंपनीला मात्र नाव मिळतं ते डीव्हीएलए या वाहन-नोंदणीच्या सरकारी खात्याकडून, प्रत्येक चौकशीला अडीच पाउंड भरून, आणि ते असतं नोंदणीकृत कीपरचं. गाडी कोण चालवत होतं हे त्यातून कळत नाही. खासगी कंपनीला चालकाचं नाव सांगण्याचं कायदेशीर बंधन कीपरवर नाही. पोलिसांच्या स्पीडिंगच्या नोटिशीत ते असतं. दोन्हींची गल्लत करू नका. कीपरच चालक असला पाहिजे असंही गृहीत धरता येत नाही. काउंटी कोर्टाच्या अपिलात २०२३ मध्ये ‘व्हीसीएस विरुद्ध एडवर्ड’ या निकालाने हेच सांगितलं.

मग कंपनीकडे दोनच वाटा उरतात. एक, चालक कोण हे तुमच्याच पत्रातून कळणं. दोन, २०१२ च्या कायद्यातल्या सगळ्या अटी पाळून जबाबदारी कीपरवर ढकलणं. पहिली वाट आपण होऊन उघडून देऊ नका. पत्रात ‘मी’ फक्त कीपर म्हणून लिहा, बाकी सगळीकडे ‘चालक’. खोटं मात्र लिहू नका. ‘मी चालवत नव्हतो’ हे खरं असेल तरच लिहायचं, नाहीतर त्याबद्दल गप्प राहायचं. कोर्टात जबाबावर सत्यतेची सही करावी लागते.

आपल्या लोकांची सवय सगळं सविस्तर सांगायची: मुलाला उलटी झाली, आईला घ्यायला गेलो होतो, रांग मोठी होती. दुकानाच्या मॅनेजरसमोर ते उपयोगी पडतं. कंपनीच्या अपिलात ते सहसा फेटाळलं जातं आणि चालक कोण हे मात्र लेखी नोंदवलं जातं.

तारखांचा हिशोब

कॅमेऱ्याने नंबर टिपला आणि काचेवर काही लावलं नव्हतं, तर कीपरला नोटीस घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. पाठवली गेली पाहिजे असं नाही, पोहोचली पाहिजे. कायदा धरून चालतो की पोस्टाने टाकलेलं पत्र दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचतं. समजा घटना रविवारी १ मार्च २०२६ ला झाली. मुदत १५ मार्चला संपते. नोटीस गुरुवारी १२ मार्चला पोस्टात पडली, तर शुक्रवार पहिला कामकाजाचा दिवस, शनिवार-रविवार सोडून सोमवार १६ मार्च दुसरा. एक दिवस उशीर झाला, आणि कीपरवरची जबाबदारी उडाली.

काचेवर तिकीट लावलं असेल तर हिशोब उलटा. तिकिटाच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस सोडायचे आणि त्यापुढच्या २८ दिवसांत कीपरला नोटीस पोहोचली पाहिजे. १ मार्चच्या तिकिटासाठी ती खिडकी ३० मार्च ते २६ एप्रिल. इथे एक खुबी आहे. काचेवरच्या तिकिटाविरुद्ध कीपर म्हणून अपील करायचं असेल, तर ते २६व्या-२७व्या दिवशी करा. नाव-पत्ता मिळाला म्हणून कंपन्या कधी कधी कीपरची नोटीस पाठवायचंच विसरतात. लवकर अपील केलं, तर त्यांना आपली चूक सुधारायला वेळ मिळतो. यात साठ पाउंडांची सवलत हातची जाऊ शकते, तेवढी तयारी हवी.

तारीख जुळली तर मजकूर तपासा. गाडीचा नंबर, जागेचं स्पष्ट नाव, पार्किंगचा कालावधी, पैसे नेमके कोणाला द्यायचे ते, चालकाचं नाव-पत्ता आम्हाला माहीत नाही हे विधान, कीपरने एकतर पैसे द्यावेत नाहीतर चालकाचं नाव-पत्ता कळवून नोटीस त्याच्याकडे द्यावी हे आवाहन आणि २८ दिवसांनंतर कीपरकडून वसुली होऊ शकते हा इशारा, हे सगळं हवं. हा शेवटचा इशाराच नसेल किंवा २०१२ च्या कायद्याचा उल्लेख कुठेच नसेल, तर बहुधा कंपनी त्या कायद्याच्या आधाराने चालतच नाहीये. मग कीपर जबाबदार नाही, आणि चालक कोण ते त्यांना माहीत नाही.

काही जमिनींना हे परिशिष्ट लागूच होत नाही. जिथे पार्किंगवर कायद्याने वेगळं नियंत्रण आहे, उदाहरणार्थ उपविधी असलेले विमानतळ आणि रेल्वेच्या जागा, तिथे कीपरवर जबाबदारी ढकलता येत नाही. आईबाबांना हीथ्रोच्या टर्मिनलसमोर सोडलं आणि ड्रॉप-ऑफचे पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे राहिले, की ८० पाउंडांची, लवकर भरल्यास ४० ची, नोटीस येते. तिथे पैसे घ्यायला मशीन किंवा खिडकी नाही, म्हणून भारतातून आलेल्यांना सोडायला-आणायला जाणारे हमखास सापडतात. सर्वांत बरा उपाय म्हणजे ऑटोपे. नोटीस आलीच, तर ‘ही जमीन त्या परिशिष्टात बसत नाही आणि चालकाची ओळख पटलेली नाही’ हा कीपरचा मुद्दा अपिलात सर्वांत वर ठेवा.

आधी दुकानदार, मग कंपनी

चार्ज रद्द करायचा सर्वांत सोपा मार्ग जमिनीच्या मालकाकडून जातो आणि लोक तोच विसरतात. सुपरमार्केटमध्ये खरेदी केली असेल तर बिल घेऊन स्टोअर मॅनेजरकडे जा. तो ‘आमच्या हातात नाही’ म्हणेल, तर दुकानाच्या मुख्य कार्यालयाला लिहा. रिटेल पार्कमध्ये व्यवस्थापन कंपनीचं नाव प्रवेशाच्या फलकावर असतं. हॉस्पिटलमध्ये ‘पाल्स’ या रुग्ण-मदत विभागाकडे जा. इथे भाषा तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाची ठेवा, कायद्याची नको: किती वर्षं येतो, त्या दिवशी किती खरेदी केली, बिल सोबत जोडलं आहे, कृपया तुमच्या एजंटला चार्ज रद्द करायला सांगा. ‘चालक’ हा शब्द मात्र इथेही सोडू नका. हा पत्रव्यवहार चालू असताना अपिलाची मुदत थांबत नाही.

कंपनीकडे अपील

नोटिशीच्या तारखेपासून सहसा २८ दिवस मिळतात. पत्र इंग्रजीत, अर्ध्या पानाचं. आशय असा:

‘मी या गाडीचा नोंदणीकृत कीपर आहे. हा चार्ज मला मान्य नाही. चालकाचं नाव मी सांगणार नाही. तसं कायदेशीर बंधन नाही. तुमची नोटीस २०१२ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या अमुक अटीत बसत नाही, म्हणून कीपर म्हणून माझ्यावर जबाबदारी येत नाही. पाट्या अपुऱ्या आहेत, फोटो जोडले आहेत. चार्ज रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा कोड पाठवा.’

ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘तुम्ही चालक आहात का’ असा रकाना असतो. त्यात कीपर हा पर्याय निवडा. फॉर्म नुसतं ‘चालक’ किंवा ‘मालक व चालक’ असंच देत असेल, तर ईमेल किंवा पोस्टाने पाठवा आणि पोस्टात टाकल्याचा फुकट मिळणारा दाखला जपून ठेवा. सादर केल्यावरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. ‘तुमचं अपील मिळालंच नाही’ हे उत्तर सर्रास येतं.

काही चुका अशा आहेत की तिथे उघड बोलणंच फायद्याचं. बीपीए आणि आयपीसी या पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांनी मिळून जून २०२४ मध्ये एक आचारसंहिता काढली. ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. पैसे भरताना नंबरात शून्याऐवजी ‘ओ’ पडला किंवा एखादं अक्षर चुकलं, तर ती किरकोळ चूक धरून चार्ज रद्द व्हायला हवा. चुकून घरातल्या दुसऱ्या गाडीचा नंबर टाकला असेल, तर मागणी २० पाउंडांवर यायला हवी. अशा वेळी पैसे भरल्याची पावती हाच मुख्य पुरावा. कायद्याचे मुद्दे मागे राहू द्या.

त्याच संहितेत वेळेच्या दोन सवलती आहेत. आत आल्यावर पाटी वाचून थांबायचं की जायचं हे ठरवायला साधारण किमान ५ मिनिटं, आणि ठरलेली वेळ संपल्यावर निघायला किमान १० मिनिटं. कॅमेरा गाडी दारातून आत आली आणि बाहेर गेली एवढंच टिपतो. शनिवारी दुपारी जागा शोधण्यात आणि बाहेर पडायच्या रांगेत गेलेली वेळ पार्किंगची नसते. दोन तासांच्या जागेत दोन तास नऊ मिनिटं दाखवून चार्ज आला असेल, तर एवढा एकच मुद्दा लिहा आणि थांबा. डर्बीमधल्या एका गाजलेल्या प्रकरणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये संहितेत आणखी एक बदल झाला. कॅमेऱ्याच्या पार्किंगमध्ये आल्यावर पाच मिनिटांत पैसे भरले नाहीत, पण निघण्याआधी पूर्ण भरले, तर निव्वळ उशिरासाठी चार्ज लावू नये.

कॅमेऱ्याची आणखी एक खोड: सकाळी नऊला दहा मिनिटांसाठी आलात, संध्याकाळी पाचला पुन्हा आलात. मधलं जाणं आणि येणं कॅमेऱ्याने चुकवलं, तर नोटिशीत आठ तास लागतात. दुपारी गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा द्या. ऑफिसच्या गेटची नोंद, पेट्रोलची पावती, डॅशकॅम, काहीही चालतं. कंपनीकडे त्या पूर्ण दिवसाच्या तुमच्या नंबराच्या सगळ्या नोंदी मागा. माहिती संरक्षण कायद्यानुसार त्या एका महिन्यात, फुकट द्याव्या लागतात.

सवलतीच्या १४ दिवसांत अपील केलं आणि ते फेटाळलं, तर नकाराच्या पत्रात बहुधा सवलतीचे १४ दिवस पुन्हा मिळतात. म्हणजे पहिल्या अपिलात गमवायचं काहीच नाही. खरा निर्णय घ्यायची वेळ तिथून पुढे. पाट्या स्वच्छ होत्या, तारखा बरोबर आहेत, तासभर जास्त थांबल्याचं तुम्हीच लिहून दिलं आहे, अशा वेळी साठ पाउंड भरणं शहाणपणाचं. हट्टाची किंमत दोन-अडीचशे पाउंडांपर्यंत जाते.

पोप्ला आणि आयएएस

कंपनी बीपीएची सदस्य असेल तर पुढचं अपील पोप्ला या अपील सेवेकडे, आयपीसीची असेल तर आयएएस या अपील सेवेकडे. कोणाची सदस्य ते नोटिशीच्या तळाशी चिन्ह असतं. पोप्ला तुम्हाला फुकट आहे, नकाराच्या पत्रात आलेला दहा आकडी कोड वापरून २८ दिवसांत अर्ज करायचा. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. हरलात तर सवलत गेलेली असते, एवढंच.

पोप्लाकडे दया-माया चालत नाही, मुद्दे लागतात. सविस्तर लिहून पीडीएफ जोडा, प्रत्येक मुद्द्याला वेगळं शीर्षक द्या. नेहमीचे सशक्त मुद्दे असे: कीपरची जबाबदारी सिद्ध होत नाही, चालकाची ओळख पटलेली नाही, पाट्यांवर रकमेचा आकडा वाचता येत नाही, कंपनीने जमीनमालकाशी झालेला करार दाखवावा. शेवटचा मुद्दा फुकटचा वाटतो, पण करार सादर करण्याचं ओझं कंपनीवर पडतं, आणि मुदत संपलेले किंवा वेगळ्याच पत्त्याचे करार सादर झाल्याची उदाहरणं आहेत. प्रकरण पोप्लाकडे गेल्यावर पुरावे गोळा करण्यापेक्षा काही कंपन्या चार्ज सोडून देतात.

कंपनीचा पुराव्यांचा गठ्ठा आल्यावर त्यावर टिप्पणी करायला ७ दिवस मिळतात. त्यात नवे मुद्दे घेतले जात नाहीत. त्यांनी कशाला उत्तर दिलं नाही आणि काय दाखवलं नाही एवढंच लिहा. पाट्यांचे फोटो कधीचे आहेत ते बघा. दिवसाउजेडी, जवळून काढलेला फोटो रात्री काय दिसत होतं ते सांगत नाही.

आयएएसकडून फार आशा ठेवू नका. तिथे गाडीवाल्यांचा अनुभव कडू आहे. निर्विवाद पुरावा असेल, म्हणजे पैसे भरल्याची पावती किंवा गाडी तिथे नव्हतीच याचा दाखला, तरच वेळ घाला.

वसुलीवाल्यांची पत्रं

अपिलं संपली की लाल अक्षरांची पत्रं सुरू होतात. रक्कम १०० ची १७० होते, ‘बेलिफ’ हा शब्द कुठेतरी पेरलेला असतो. कर्जवसुली कंपनीला घरात शिरायचा, वस्तू उचलायचा किंवा क्रेडिट रेकॉर्डवर काही टाकायचा अधिकार नसतो. कोर्टाचा निकाल झाल्याशिवाय कोणालाच नसतो. या पत्रांना उत्तर द्यायची गरज नाही, पण फेकू नका. वरचे ७० पाउंडही गृहीत धरू नका. कीपरकडून वसूल होऊ शकते ती नोटिशीत लिहिलेलीच रक्कम, असं परिशिष्टात स्पष्ट आहे.

यांच्या गर्दीत एक पत्र वेगळं असतं: ‘लेटर बिफोर क्लेम’ किंवा ‘लेटर ऑफ क्लेम’. त्यात उत्तराला ३० दिवस दिलेले असतात आणि सोबत उत्पन्न-खर्चाचा फॉर्म असतो. तो फॉर्म भरू नका, पण उत्तर नक्की द्या: दावा अमान्य, कारणं अशी, करार आणि पाट्यांचे फोटो पाठवा.

कोर्टाचा कागद आला तर

दावा नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून येतो. रक्कम व्याज आणि खर्च धरून अडीचशे पाउंडांच्या आसपास असते. आता घड्याळ कडक चालतं. फॉर्मवरच्या तारखेत ५ दिवस मिळवले की बजावणीची तारीख. तिथून १४ दिवसांत ऑनलाइन पोच नोंदवायची, म्हणजे बचाव मांडायला एकूण २८ दिवस होतात. पोच नोंदवताना बचावाच्या रकान्यात एक शब्दही टाकू नका. ‘नंतर पाठवतो’ असं लिहिलं, तरी तोच तुमचा बचाव म्हणून नोंदला जाऊ शकतो.

बचाव परिच्छेदांना क्रमांक देऊन लिहा आणि शेवटी सत्यतेचं विधान व सही करा. दाव्यातला मजकूर अनेकदा इतका मोघम असतो की कोणती अट मोडली हेही कळत नाही. अशा दाव्याबद्दल ऑगस्ट २०२३ च्या ‘सीईएल विरुद्ध चॅन’ या ल्यूटनच्या अपील निकालाचा हवाला देऊन दावा रद्द करा अशी मागणी करता येते.

त्यानंतर प्रश्नावली येते. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या दाव्यांच्या प्रक्रियेला, हो म्हणा आणि आपल्या जवळचं कोर्ट निवडा. २२ मे २०२४ पासून फोनवरची तासाभराची फुकट मध्यस्थी सक्तीची आहे. हजर राहणं सक्तीचं आहे, पैसे कबूल करणं नाही. सुनावणीची फी भरायची वेळ येते तेव्हा बरेच दावे मागे घेतले जातात. सुनावणी झालीच, तर कागदपत्रं आणि साक्षीचं निवेदन सहसा १४ दिवस आधी दोन्हीकडे पोहोचवायचं असतं. तारीख कोर्टाच्या आदेशात दिलेली असते. हरलात तर चार्ज, ३५ पाउंड दाव्याची फी, २७ पाउंड सुनावणीची, ५० पाउंड ठरीव वकील खर्च. जिंकलात तर रजा पडल्याबद्दल दिवसाला ९५ पाउंडांपर्यंत मागता येतात.

आपल्याच फ्लॅटखाली

भाड्याच्या किंवा स्वतःच्या फ्लॅटच्या ठरलेल्या जागेत परमिट न दिसल्याने चार्ज आला असेल, तर आधी लीज किंवा भाडेकरार काढा. ‘पार्किंगची जागा वापरण्याचा हक्क’ एवढंच लिहिलं असेल आणि परमिटचा उल्लेख नसेल, तर व्यवस्थापकाने नंतर आणलेली कंपनी तो हक्क पाटी लावून कमी करू शकत नाही, हा मुद्दा सर्वांत वर. सामान उतरवायला दाराशी मिनिटभर थांबलेली गाडी म्हणजे पार्किंग नव्हे, असं ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने २०१६ मध्ये ‘जॉप्सन विरुद्ध होमगार्ड’ या अपिलात म्हटलं आहे.

भाड्याची किंवा कंपनीची गाडी असेल, तर भाड्याने देणाऱ्याला लगेच लिहा: चार्ज भरू नका, माझं नाव आणि पत्ता कळवा. त्यांनी परस्पर भरून कार्डावर टाकलं की लढायला काही उरत नाही. नाव कळवल्यावर तुमच्याकडे येणाऱ्या नोटिशीसोबत भाडेकराराची आणि जबाबदारीच्या सहीच्या विधानाची प्रत असावी लागते. कंपन्या ती बहुधा जोडत नाहीत आणि मग तुमच्यावरची जबाबदारी टिकत नाही.

ब्लू बॅज (अपंगांचा पार्किंग परवाना) खासगी जागेवर आपोआप चालत नाही, पण अपंगत्वामुळे जास्त वेळ लागला असेल तर इक्वॅलिटी ॲक्ट २०१० खाली वाजवी सवलत मागा. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०१२ च्या कायद्यातलं हे परिशिष्ट लागू नाही. तिथे कंपनीला चालकच शोधावा लागतो.

घर बदललं असेल तर

सर्वांत मोठं नुकसान पार्किंगमुळे होत नाही, पत्त्यामुळे होतं. गाडीच्या व्ही५सी नोंदणीवर जुना पत्ता राहतो, नोटीस, स्मरणपत्रं आणि दावा तिकडेच जातात, आणि तुमच्या गैरहजेरीत सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा निकाल, लागतो. तो सहा वर्षं नोंदवहीत राहतो. घरकर्ज अडतं, आणि व्हिसा व नागरिकत्वाच्या अर्जात दिवाणी निकालांबद्दल प्रश्न असतो, तिथे उत्तर द्यावं लागतं. निकालानंतर एका महिन्यात पूर्ण रक्कम भरली तर नोंद पुसली जाते. मुदत गेली असेल आणि दावा चुकीच्या पत्त्यावर बजावला असेल, तर एन२४४ अर्जाने निकाल रद्द करून मागता येतो, पण त्याची फी तीनशे पाउंडांहून जास्त आहे. कमी उत्पन्न असेल तर फी-माफीचा अर्ज सोबत करा, आणि कळल्यावर अर्ज लगेच टाका. उशीर झाला की न्यायाधीश पहिला प्रश्न त्याचाच विचारतात.

म्हणून घर बदललं की लायसन्स आणि व्ही५सी या दोन्हींवरचा पत्ता वेगवेगळा बदला. एक बदलल्याने दुसरा बदलत नाही. जुनी नोटीस चालू असेल तर कंपनीलाही नवा पत्ता लेखी कळवा आणि जुना काढून टाकायला सांगा. दावा लावायला त्यांच्याकडे घटनेपासून सहा वर्षं असतात.